बाहेरचा तास

शाळेत 'बाहेर' हा शब्द शिक्षेचा असतो. गृहपाठ केला नाही, हो बाहेर. दंगा केला, हो बाहेर. त्यामुळं मी चौथीचा सगळा वर्ग उठवून पटांगणातल्या कडुलिंबाखाली नेऊन बसवला, तेव्हा रस्त्यानं उसाची गाडी घेऊन चाललेल्या एकानं कासरा ओढला आणि तिथूनच ओरडला, "आयला, बाईनं समदा वर्गच भाईर काढलाय की!" दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच एक आई पदर खोचून दारात हजर. "काय केलंय वो आमच्या पोरानं? नुसतं सांगा, तंगडं मोडतो त्याचं." पोरानं काही केलं नव्हतं. कडुलिंबाच्या डहाळीवरची पानं जोडीजोडीनं मोजत त्यानं दोनाचा पाढा म्हटला होता, इतकंच. ते ऐकल्यावर तिला पोराऐवजी माझी काळजी वाटू लागली, हे तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

ही नव्वदीचं दशक सरता सरताची गोष्ट. मी कोल्हापुरात राहायची आणि पंचगंगेकाठच्या एका गावात, चौथीपर्यंतच्या मराठी शाळेत नोकरीला बसनं जायची-यायची. चार खोल्या, वर पत्रा, आणि एक भिंत पावसाळ्यात जी ओली व्हायची ती परीक्षा आली तरी वाळायची नाही. माझं माहेर कुरुंदवाड. नदीच्या घाटावर खेळून वाढलेल्या बाईला चार भिंतींत गुदमरतं, असं आमचे हेडमास्तर चेष्टेनं म्हणायचे. पण वर्ग बाहेर नेला तो काही त्यामुळं नाही. नेला तो संतापून.

क्षेत्रफळ शिकवत होते. फळ्यावर आयत काढला, लांबी गुणिले रुंदी लिहिलं, पोरांनी एका सुरात म्हटलं. मग मी सहज विचारलं, आपला वर्ग मोठा की कुंपणापलीकडचा हरभऱ्याचा वाफा? सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसले. ही सगळी शेतकऱ्यांची पोरं. बापाची जमीन किती गुंठे हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण शाळेतलं क्षेत्रफळ वेगळं आणि घरचा गुंठा वेगळा, अशी त्यांची पक्की समजूत. मी खडू टाकला आणि म्हटलं, चला बांधावर. दोरी धरून वाफा मोजता मोजता एक पोरगा मध्येच थांबला आणि म्हणाला, "आरं, म्हंजे गुंठा म्हंजे ह्येच व्हय!" तो 'व्हय' ऐकला आणि मी ठरवून टाकलं की आता रोज एक तास बाहेर.

मला सहल नको होती. सहलीला डबे लागतात, गाडी लागते, सह्या लागतात आणि परत आल्यावर निबंध लिहावा लागतो. मला रोजचंच गणित, रोजचंच मराठी शिकवायचं होतं, फक्त भिंती नको होत्या. गुऱ्हाळावर नेऊन विशेषणं शिकवली. चिकट, खमंग, धुरकट, सोनेरी. एकीनं 'नाकाला गुदगुल्या करणारा' असं सांगितलं, ते व्याकरणात बसत नव्हतं तरी मी बसवलं. रस उकळणाऱ्या काहिलीतून वर जाणारी वाफ बघितल्यावर 'बाष्पीभवन' हा शब्द पोरांना तेवढा परका राहिला नाही. जोतिबाचा डोंगर उत्तरेला, त्याच्याकडं तोंड केलं की उजव्या हाताला पूर्व, एवढं कळलं की नकाशाची भीती जाते. पोरांनीच याला नाव ठेवलं, 'भाईरचा तास'. मी वेळापत्रकात शुद्ध करून लिहिलं, बाहेरचा तास.

त्या वर्गात एक मुलगी होती. गावाच्या टोकाला घर, दावणीला दोन म्हशी, पोटापुरता ऊस. वर्गात काही विचारलं की उभी राहायची आणि पायाच्या अंगठ्याकडं बघत राहायची. तिला येत नाही असं मी तीन इयत्ता समजून चालले होते. बाहेर आली की मात्र तिला कंठ फुटायचा. "बाई, दोरी मी धरतो." "बाई, ह्यानं खोटं मोजलंय." चांगली भांडायची. मुलांना मागं सारून पुढं घुसायची. पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला तेव्हा हा कुणाचा म्हणून मी वळून बघितलं होतं.

पटांगणाच्या मध्ये आम्ही एक काठी रोवली होती. तिच्या सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा, थोड्या वेळानं पुन्हा खडा ठेवायचा, आणि सावली कशी आखडत जाते, मग कशी लांबत जाते ते बघायचं. हे काम तिनं स्वतःकडं घेतलं. कुणी दिलं नव्हतं. मी पुस्तकात होतं तसं सांगून टाकलं होतं की बारा वाजता सावली सगळ्यात लहान होते. एके दिवशी ती माझ्याकडं आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"बाई, बाराला न्हाय. साडेबारा हुन जात्यात, मग बारकी हुतीया."

"घड्याळ पुढं असेल."

"हेडमास्तरांचं बी बघितलो. रोज बघतो की मी. घड्याळ खोटं बोलतंय."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी उकिडवी बसले. पोरीचं खरं होतं. मग घरी येऊन शोधाशोध केली, तेव्हा कळलं की घड्याळातली वेळ साऱ्या देशाला एकच, पण आपला गाव पश्चिमेला, त्यामुळं आपल्या डोक्यावर सूर्य उशिरा येतो. मी हे वर्गाला सांगितलं आणि हे हिनं शोधून काढलं असंही सांगितलं. टाळ्या वाजल्या. ती पुन्हा अंगठ्याकडं बघायला लागली, पण हसत होती. मास्तरकीत असे दिवस फार येत नाहीत. आला की माणूस वेड्यासारखा खूश होतो, तशी मी होते.

थंडी सरत आली होती. त्या दिवशीही ती काठीपाशी बसली होती, हातात खडा. एकदम तिचे डोळे वर गेले आणि ती आडवी झाली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. पोरं किंचाळली. कुणी कांदा आणायला पळालं, एकानं पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. मी ती चप्पल लांब फेकली, पोरीला कुशीवर वळवलं आणि डोकं मांडीवर घेऊन बसले. हेडमास्तर धावत आले. थोड्या वेळानं ती शुद्धीवर आली. कुठं आहे ते तिला कळेना. मग तिनं मूठ उघडली आणि म्हणाली, "बाई, खडा ठेवायचा ऱ्हायला."

त्यानंतर ती शाळेत आली नाही. मी दोनचार दिवस वाट बघितली आणि शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, तिचे वडील बसले होते. आई आतल्या दाराला टेकून उभी. मुलीच्या दंडाला काळा गंडा, कपाळावर अंगारा. मला बघून ती पुढं यायला निघाली, तर आईनं तिचा हात धरला.

"पोरीला फिट आली होती," मी म्हटलं. "शहरात सरकारी दवाखान्यात दाखवू. मी येते बरोबर."

"दवाखान्याचं न्हाय बाई ह्ये," वडील म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट मला समजावून सांगत होते. "भाईरचं हाय."

बाहेरचं, म्हणजे भुताखेताचं. हा अर्थ मला काही नवा नव्हता. पण आपण रोज उच्चारतो त्या शब्दाच्या पोटात हे बसलेलं आहे, असं कधी मनात आलं नव्हतं. गावानं मात्र तोवर दोन्हीची गाठ मारलीही होती. भाईरच्या तासाला गेली आणि भाईरचं घिऊन आली, असं पाणवठ्यावर, गिरणीत, दूध डेअरीच्या रांगेत बोललं जात होतं.

मग वडिलांनी देवऋषाकडचं सांगितलं. देवऋषानं मुलीला समोर बसवून विचारलं होतं, कुठं झालं, कवा झालं? आईवडिलांना काय माहीत असणार. मुलीनंच उत्तर दिलं. वर्गात अंगठ्याकडं बघणारी ही पोर, तिथं मान वर करून स्पष्ट बोलली, "सावली सगळ्यात बारकी झालती, तवा."

"आता बोला," वडील म्हणाले. "सावली पायाखाली यायची वेळ म्हंजे त्यांचीच वेळ. त्यो म्हणाला, ह्याच्यावर आनी काय इचारायचं ऱ्हायलं?"

माझ्या वर्गात तिनं हे उत्तर दिलं असतं तर मी शाब्बास म्हणून पाठ थोपटली असती. नेमकं, बघून, अनुभवून दिलेलं उत्तर. मी जे शिकवलं तेच तिनं सांगितलं, आणि त्यानंच तिचा निकाल लागला. मी बसस्टॉपवर येऊन बसले आणि मला रडू कोसळलं.

पुढच्या आठवड्यात वर्गातल्या मुली एकेक करून गळायला लागल्या. शाळेत येऊन चारपाच बायका हेडमास्तरांना म्हणाल्या, आमच्या पोरी भिंतीच्या आत ठेवणार असाल तर पाठवतो. हेडमास्तर भला माणूस, पण निवृत्ती जवळ आलेली, कुणाशी वाकडं घ्यायची हौस नव्हती. "बाई, आत काय आणि बाहेर काय," ते म्हणाले, "शिकवल्याशी कारण." मी त्यांना फाडकन काहीतरी बोलले. काय ते आता आठवत नाही, पण ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी मीच सौदा केला. हेडमास्तरांना बरोबर घेऊन तिच्या घरी गेले. वडिलांना म्हटलं, "बाहेरचा तास बंद करते. तिचाच नाही, सगळ्यांचाच. काठी उपटून टाकते. पण पोरीला एकदा दवाखान्यात न्यायचं, डॉक्टर देतील त्या गोळ्या द्यायच्या आणि तिला शाळेत पाठवायचं."

त्यांनी तंबाखू मळली. "अंगारा बी चालू ऱ्हाईल," ते म्हणाले.

"राहू दे. गोळ्या पण राहू देत."

"शबूद?"

"शब्द."

आत आईनं डोळ्यांना पदर लावला. दवाखान्यात ती आणि मीच गेलो मुलीला घेऊन. डॉक्टर समजूतदार होते. मिरगीचा आजार आहे, रोज गोळी घेतली तर बहुतेकांना त्रास होत नाही, पण आपल्या मनानं बंद करायची नाही, असं त्यांनी आईला दोनदा सांगितलं. आई प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होती. तेव्हापासून गोळ्या संपल्या की शहरात जाऊन त्या आणायचं काम तिनं घेतलं. म्हशींचं उरकून, पायी नाक्यापर्यंत येऊन ती बस धरायची, आणि रात्रीच्या जेवणानंतर स्वतःच्या हातानं गोळी मुलीच्या तोंडात घालायची. मला हे सगळं ती शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून हळू आवाजात सांगायची. आत ती कधी आली नाही.

मुलगी परत आली. भिंतीकडेला बसायची. मी फळ्यावर काठी काढली, खडूनं सावली काढली आणि शिकवायला लागले. पहिल्याच दिवशी तिनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, सावली पडल कशी? हितं ऊनच न्हाय." मी फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं सूर्य काढला. त्यानंतर तिनं वर्गात काही विचारलं नाही. पुन्हा पायाचा अंगठा आणि ती.

पण तिला पुन्हा फिट आली नाही. गोळीनं काम केलं होतं. मी जाऊन वडिलांना तसं म्हटलं, तर ते समाधानानं मान हलवत म्हणाले, "बगा बाई, भाईर न्हाय न्हेली, काय झालं न्हाय." मला इतका राग आला की हातातला चहा तसाच ठेवून मी उठले. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या होत्या. तास बंद झाला आणि गोळी सुरू झाली. गुण कशाचा, ते कसं दाखवून देणार? चौथीच्या पोरांना मी हे वालाच्या दोन रोपांवर दाखवलं असतं, एकाला पाणी, एकाला नाही. माणसाचं पोर काही असं दोन कुंड्यांत लावून बघता येत नाही. सगळं श्रेय त्या चार भिंतींना गेलं.

चौथी झाली. पाचवीची शाळा शेजारच्या गावाला, मध्ये ओढा आणि चिंचेचं बन. म्हणजे पुन्हा बाहेर. वडील म्हणाले, नको. मी गेले, समजावलं, पुन्हा गेले, आवाज चढवला. शेवटच्या वेळी मला कुणी बसा म्हटलं नाही. आई दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. एका मुलीसाठी मी बाकीच्या साऱ्या पोरांचं ऊन काढून घेतलं होतं, आणि त्या बदल्यात तिला शाळेचे थोडेसे महिने मिळाले. या हिशोबाचं दुःख मला अजून होतं. पण दुसरं काय करायला हवं होतं, तेही मला अजून सांगता येत नाही.

पुढं नवं शतक उजाडलं, आणि वर्षा-दोन वर्षांत खात्याकडून आदेश आला. परिसरातून शिक्षण, अनुभवातून शिक्षण, रोज काही वेळ मुलांना वर्गाबाहेर नेणे. आमच्या हेडमास्तरांच्या जागी आलेले नवे हेडमास्तर मला म्हणाले, "बाई, तुमचं ते बाहेरचं पुन्हा सुरू करा. वरून आलंय." गावात कुणी हूं का चूं केलं नाही. बाहेरचं म्हटलं की भूत, आणि वरून आलं की देव. मी नवी काठी रोवली. पोरं तीच, म्हणजे त्यांची धाकटी भावंडं. ऊनही तेच. माझा उत्साह मात्र तो नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू.

त्याच वर्षी, उसाच्या लागणी चालू असताना, एका सकाळी पोरं वर्गात आली ती एकमेकांना ढकलत, "तू सांग, तू सांग" करत. ती मुलगी आदल्या दिवशी चुलीत पडली होती. आईबाप रानात, ही घरात एकटी भाकरी करत होती, आणि फिट आली. शेजाऱ्यांना वास आला तेव्हा ते धावले. तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. मी शाळा सुटल्यावर तशीच तिथं गेले. जळालेल्या रुग्णांच्या खोलीत कुणाला सोडत नव्हते. मी बाकड्यावर बसून राहिले आणि शेवटची बस धरून घरी आले. दोन दिवसांनी ती गेली. वयात नुकतीच येत होती.

दिवस घातल्यावर तिची आई शाळेत आली. मी मुलांना घेऊन पटांगणात होते. ती फाटकातून आत आली, पहिल्यांदाच, आणि पायरीवर बसली. मी मुलांना खडे गोळा करायला पाठवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. ती रडत नव्हती. रडून झालं होतं.

मग तिनं विचारलं, "बाई, आमी कुटं पाटीवली न्हाय तिला. लग्नाला न्हेली न्हाय, जत्रंला न्हेली न्हाय. दारातसुदीक हुबी करत न्हवतो. वरीस झालं बरी हाय म्हणून मालक म्हणालं, आता कशाला गोळ्या, गेलं तिचं भाईरचं. म्हणून मीबी आणायला जायची थांबलो." ती पोरांकडं बघत होती, पण तिला ती दिसत नसावीत. "ती तर घरातच हुती की वो. घरात असताना कसं झालं?"

ती खरोखर विचारत होती. मी बाई, म्हणजे मला माहीत असणार, अशा विश्वासानं ती माझ्या तोंडाकडं बघत होती. जन्मभर मी पोरांना सांगत आले की उत्तर येत असलं तर गप्प बसू नये, हात वर करावा. मला उत्तर येत होतं. एका वाक्याचं होतं, आणि ते वाक्य घेऊन त्या माउलीला उरलेलं आयुष्य काढावं लागलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.